दुसरी खूण

१

धाकट्यांचं वय अठ्ठावन्न. डोक्यावरचे केस कधीच गेले होते, गुडघे कुरकुरायला लागले होते, तरी अख्खा रस्ता त्यांना धाकटेच म्हणायचा. थोरल्या भावाला जाऊन अकरा वर्षं झाली, पण धाकट्यांना बढती काही मिळाली नाही. त्यांना त्याचं वाईटही वाटत नसे. नाव धाकटं असलं तरी हात थोर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवून ठेवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

जुन्या गाड्यांची इंजिनं नव्याने बांधायची, हा त्यांचा धंदा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची गाडी घेऊन लोक यायचे आणि म्हणायचे, पळाली पाहिजे. धाकटे त्यांना बसवून घ्यायचे आणि सांगायचे, "पळणारं इंजिन कुणीही बांधून देईल. एक उन्हाळा पळेल, मग बसेल. मी बांधलेलं तुमचा मुलगा चालवेल." हे ते छातीठोकपणे सांगत, आणि खोटं नसे. पिस्टन वजन करून घेत, चारही अर्ध्या ग्रॅमच्या आत. बेअरिंगमधली फट शतांश मिलिमीटरमध्ये मोजत. जिथे कारखान्याने ओतीव लोखंड घातलं होतं, तिथे ते ठोकून घडवलेलं घालत. नुसती ताकद वाढवायची तर काय लागतं हो, असं म्हणून ते नाक मुरडत.

वर्कशॉपमध्ये पूर्वी एक नियम होता. ज्याने बोल्ट आवळला, त्याने बोल्टच्या कडेवरून शेजारच्या लोखंडावर एक पांढरी रेघ ओढायची. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ही पहिली खूण. मग दुसऱ्या भावाने येऊन तोच बोल्ट पान्याने पुन्हा तपासायचा आणि रेघेशेजारी लाल ठिपका द्यायचा. ही दुसरी खूण. दुसरी खूण नसेल तर इंजिनवर झाकण चढवायचं नाही, मग गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंब मारत का असेना.

आवळायचं काम धाकट्यांचं, तपासायचं थोरल्यांचं. लाल ठिपक्यासाठी थोरल्यांनी वहिनींची नेलपॉलिशची बाटली पळवली होती. ठिपका दिला की बोटातली अंगठी ते इंजिनवर दोनदा आपटायचे. टक टक. म्हणजे हा झाला, पुढचा.

थोरले गेले आणि दुसरी खूण बंद पडली. बाटली फळीवर तशीच राहिली. धाकटे आता एकटेच काम करत आणि पांढऱ्या रेघेवर भागवत. कुणी विचारलं तर म्हणत, "टॉर्क पाना ठरलेल्या जोरावर आला की टक् वाजतो. तो टक् ऐकायला एक कान पुरतो."

२

ज्या इंजिनची ही गोष्ट, ते थोरल्यांच्याच गाडीचं.

थोरले गेले ते त्याच गाडीत. घाट उतरताना इंजिन आतून फुटलं, तेल मागच्या चाकांवर आलं आणि वळणावर गाडी कठड्यापलीकडे गेली. मागून आलेल्या चौकशीच्या कागदात लिहिलं होतं, कनेक्टिंग रॉडचा बोल्ट तुटला, धातू थकला असावा. एवढंच. धाकट्यांनी गाडी ओढून आणली, पुढच्या काही वर्षांत सवडीने पत्रा सरळ केला, रंग दिला आणि वर ताडपत्री टाकून कोपऱ्यात उभी केली. इंजिनची जागा तेवढी रिकामी होती.

यंदा पुतणी आली आणि म्हणाली, "काका, बाबांच्या गाडीला इंजिन बांधा."

पुतणी लिफ्ट तपासनीस. दिवसभर इमारतींच्या डोक्यावर चढून दोर आणि ब्रेक बघायचे आणि सही करायची किंवा नाही करायची, हे तिचं काम. धाकटे तिला लाडाने साहेब म्हणत.

"कशाला साहेब? तुला नवी गाडी आहे की."

"आईला घेऊन तो घाट उतरायचाय. अकरा वर्षांत आई त्या रस्त्याला गेलेली नाही. परवा आपणहून म्हणाली, एकदा खाली पोचायचंय मला. ह्याच गाडीतून."

धाकट्यांनी कोपऱ्यातल्या ताडपत्रीचं टोक उचलून बघितलं. मग म्हणाले, "असं बांधतो की तुम्ही दोघी खाली जाऊन पुन्हा वर याल आणि इंजिनला घाम फुटणार नाही."

त्यांनी तसंच करायला घेतलं. हौसेने, जीव ओतून. घडीव रॉड, घडीव पिस्टन, वळणावर तेल एका बाजूला पळू नये म्हणून तेलाच्या भांड्यात पडदे. आयुष्यात बांधलेल्या इंजिनांतलं हे सगळ्यात उत्तम, असं त्यांनी वहिनींना जेवताना सांगूनही टाकलं. वहिनी वरच्या मजल्यावर राहायच्या. धाकटे एकटे, म्हणून दुपारचं जेवण त्यांच्याकडेच.

"भाऊजी, प्रत्येक वेळी तुम्ही हेच म्हणता," वहिनी म्हणाल्या.

"प्रत्येक वेळी खरं असतं."

३

बुधवारी त्यांनी पिस्टनचे कनेक्टिंग रॉड बसवले. इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं, पोट वर. चार रॉड, एकेकाला दोन, असे आठ बोल्ट. धाकट्यांनी टॉर्क पाना लावला, ओढला, टक्. रेघ. पुढचा. टक्. रेघ. आठवा मागच्या कोपऱ्यात, पलीकडच्या बाजूला. त्याची रेघ सरळ दिसत नाही, दांडीवरचा छोटा आरसा खाली धरावा लागतो. त्यांनी आरसा धरला, ओढला, टक्. रेघ. हात पुसले, दाराला कुलूप घातलं आणि जेवायला वर गेले.

जेवून आले तेव्हा पहिल्या बोल्टपाशी लाल ठिपका होता.

धाकटे वाकले. दुसऱ्यापाशीही होता. तिसऱ्यापाशी. बाजरीच्या दाण्याएवढा, रेघेच्या उजवीकडे, कडेला जरा ओढलेला. थोरल्यांच्या अंगठ्याचं नख फार पूर्वी लोखंड धरायच्या व्हाइसमध्ये चेमटलं होतं. ते कुंचला तिरका धरायचे, म्हणून ठिपका नेहमी कडेला ओढला जायचा.

सात ठिपके होते. त्यांनी आरसा खाली धरून आठवा बघितला. त्याच्याशेजारी नव्हता.

धाकट्यांना भीती वाटली नाही. त्यांना राग आला. आपल्या इंजिनला कुणी हात लावला की त्यांचं डोकं आधी तापायचं. कुलूप लावलेलं होतं. किल्ली दोघांकडेच, एक त्यांच्याकडे, एक पुतणीकडे, आणि पुतणी त्या वेळी शहराच्या पलीकडे कुठल्यातरी लिफ्टच्या डोक्यावर उभी असणार. फळीवरची बाटली त्यांनी काढून बघितली. वर धुळीचा थर होता. आत विटेसारखा घट्ट गोळा, झाकण फिरता फिरेना.

त्यांनी एका ठिपक्यावर बोट टेकवलं. बोटाला लाल लागलं.

४

माणसाच्या डोक्याची गंमत अशी की त्याला कारण लागतं, आणि नसलं तर ते घरच्या घरी तयार करतं. धाकट्यांनी संध्याकाळपर्यंत चांगलं तीन पदरी कारण तयार केलं. हे इंजिन दादाच्या गाडीचं. डोक्यात दादा. हातांना जुनी सवय. लाल रंगाची एक कुपी लेबलांसाठी ड्रॉवरमध्ये होतीच, तिने आपणच ठिपके दिले असणार आणि विसरलो असणार. वय झालं की होतं असं. वय झालं हे कबूल करायला त्यांना एरवी फार जड जायचं. त्या दिवशी त्यांनी ते चटकन कबूल केलं.

थिनरने त्यांनी सातही ठिपके पुसून काढले.

गुरुवारी सकाळी ठिपके परत होते. सातच.

मग मात्र धाकट्यांनी कंबर कसली. आठही बोल्ट काढून टाकले, नव्या डब्यातले नवे कोरे घातले. क्रम उलटा घेतला, आठव्यापासून सुरुवात केली. टक्. रेघ. आठव्याला त्यांनी मुद्दाम तीनदा पाना लावला, तिन्ही वेळा टक् वाजला. ह्याहून जास्त कुणी काय करायचं? ड्रॉवरमधली लाल कुपी खिशात टाकून ते वर जेवायला गेले. वहिनींनी काय वाढलं ते त्यांना नंतर सांगता आलं नसतं.

"वहिनी," त्यांनी विचारलं, "तुम्ही खाली कधी आला होतात का, इतक्यात?"

"मी?" वहिनी म्हणाल्या. "मी अकरा वर्षांत त्या दारातून आत आलेय का, भाऊजी? इंजिन झालं की येईन. एकदम गाडीत बसायलाच."

ते खाली गेले. सात ठिपके, ओले. आठवा कोरा.

आता ह्यात गंमत बघा. सात बोल्ट चांगले आहेत असं कुणीतरी म्हणत होतं, आणि ते धाकट्यांना मान्य होतं. फक्त आठव्याबद्दल मतभेद होता. जिवंत माणसाने त्यांच्या बोल्टवर असा आक्षेप घेतला असता तर धाकट्यांनी त्याला हात धरून दाराबाहेर नेऊन सोडलं असतं.

५

शुक्रवारी भर दुपारी ते इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, घासत बसले होते. हेडचं टेबल खिडकीपाशी, इंजिनचा स्टँड पाठीमागे. बाहेर रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. ऊन थेट टेबलावर आलेलं.

पाठीमागे वाजलं. टक टक.

धाकट्यांचा घासणारा हात थांबला.

टक टक. लोखंडावर सोनं वाजलं की त्याचा एक बुटका, गोल आवाज येतो. पाना पडला तर तसा येत नाही, पत्रा तापून हलला तरी येत नाही. वीस वर्षं रोज ऐकलेला आवाज होता. मधे तेवढंच अंतर जायचं, जेवढं एका बोल्टवरून दुसऱ्यावर जायला माणसाला लागतं.

टक टक. धाकटे मोजत होते. मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते. पाच. सहा.

सात.

मग काही नाही. धाकटे वाट बघत राहिले. बाहेरची स्कूटर एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. खोलीत इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. त्यांना कळत होतं की पाठीमागे जे कोण आहे, ते आठव्यापाशी थांबलंय. गेलेलं नाही.

"दादा," ते मान न वळवता म्हणाले, "घट्ट आहे तो. मी तीनदा बघितलाय."

ते वळले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. स्टँडवरचं इंजिन मात्र अगदी हळू, बोटभर, इकडून तिकडे हलत होतं आणि त्यांच्या देखत स्थिर झालं.

६

आता जे सांगायचं ते धाकट्यांनी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या जुन्या इंजिनच्या वेळीही आठच बोल्ट होते. सात तपासून झाले आणि थोरल्यांना वरून हाक आली. "आठवा आल्यावर बघतो रे धाकट्या, तोवर हात लावू नको," असं म्हणून ते गेले. धाकट्यांचा पारा चढला. वीस वर्षं झाली, अजून माझ्यामागे ह्याला बघावं लागतं? आवळताना टक् वाजला होता. त्यांनी आपल्या कानांनी ऐकला होता. त्यांनी सरळ बाटली उघडली, कुंचला तिरका धरला आणि आठव्याशेजारी लाल ठिपका देऊन टाकला. दादाच्या ठिपक्यासारखा हुबेहूब, कडेला ओढलेला.

थोरले परत आले, आठ ठिपके बघितले, कपाळावर हात मारला आणि हसले. "हा कधी केला मी? म्हातारा झालो बहुतेक." आणि त्यांनी तेलाचं भांडं बसवलं.

इंजिनचं जे उरलं होतं ते धाकट्यांनी आपल्या हातांनी सोडवलं होतं. तुटलेला बोल्ट आठवा होता. धातू थकला असावा, हे वाक्य त्यांनी कागदावर वाचलं आणि त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. कारण टक् वाजला होता. त्यांनी ऐकला होता.

आणि आता, ह्या शनिवारी सकाळी, त्यांनी तेच केलं. बाटली तासभर थिनरमध्ये बुडवून ठेवली, झाकण फोडून काढलं, गोळा ढवळून पातळ केला. आरसा खाली धरून आठव्याशेजारी स्वतः लाल ठिपका दिला. हात जरासुद्धा कापला नाही. तेल गळू नये म्हणून नवं गॅस्केट लावून तेलाचं भांडं बसवलं, त्याचे वीस छोटे बोल्ट आवळले आणि मोठ्याने म्हणाले, "झालं इंजिन."

खोलीतून कुणी उलट बोललं नाही, ह्याचं त्यांना बरं वाटलं. दुपारभर त्यांनी शीळ वाजवत कार्ब्युरेटर साफ केला. संध्याकाळी पुतणीला फोन करून सांगितलं, "साहेब, सोमवारी गाडीत चढवतो. आईला म्हणावं बॅग भर."

७

रविवारी सकाळी त्यांनी दार उघडलं. तेलाचं भांडं टेबलावर उपडं ठेवलेलं होतं.

वीस बोल्ट एका पुठ्ठ्यावर मांडलेले होते. ढीग नव्हता. भांड्याच्या कडेला ज्या क्रमाने भोकं, त्याच क्रमाने, चौकोनात. थोरले असेच मांडायचे. गॅस्केट कुठेही न फाटता सोडवलेलं होतं, ज्याला धाकट्यांनाही अर्धा तास लागला असता. त्यांनी आरसा खाली धरला. आठव्याशेजारचा त्यांचा ठिपका पुसून स्वच्छ केलेला होता.

त्यांनी पुतणीला बोलावलं. आवाज चढवूनच. ती अर्ध्या तासात आली, सुटीचा दिवस म्हणून केस मोकळे, पण तपासणीची बॅग खांद्याला होतीच.

"ही थट्टा मला आवडलेली नाही," धाकटे म्हणाले.

"कसली थट्टा?"

त्यांनी भांडं दाखवलं, पुठ्ठा दाखवला, ठिपके दाखवले. पुतणी खाली वाकून एकेक बघत गेली. तिसऱ्याचौथ्यापाशी तिचा चेहरा मऊ झाला.

"बाबांसारखे काढलेत तुम्ही. मला वाटलं, मुद्दाम माझ्यासाठी."

"मी नाही काढले."

"मग कोणी?"

पुतणीने आरसा घेतला, खाली धरला.

"काका, इथे नाहीये."

"तो घट्ट आहे. मी दहा वेळा बघितलाय."

"कुणी तपासलाय?"

"मीच."

"आवळला कुणी?"

"मीच, बाई."

"आमच्याकडे ह्यावर लिफ्ट बंद ठेवतात," पुतणी म्हणाली. तिने केस मागे बांधले आणि हात पुढे केला. "पाना द्या. तुम्ही आरसा धरा."

८

धाकट्यांनी आरसा खाली धरला. त्यात पान्याच्या तोंडाखाली बोल्टची कड दिसत होती आणि कडेवरून लोखंडावर गेलेली त्यांची पांढरी रेघ, अखंड. पुतणीने पाना बसवला आणि दांड्यावर हात ठेवला.

टक्.

"झालं," धाकटे म्हणाले. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं. "ऐकलंस ना? काढ आता."

पुतणीने त्यांच्याकडे बघितलं. "काय झालं?"

"टक् वाजला."

"काका, मी अजून ओढलासुद्धा नाहीये."

ते हसणार होते. तेवढ्यात ती ओढायला लागली आणि आरशात रेघ तुटली. वरचा तुकडा एकीकडे सरकला, खालचा जागेवर राहिला. मधे काळं लोखंड दिसायला लागलं. टक्, धाकट्यांना ऐकू आलं. ती ओढतच होती. टक्, पुन्हा. स्पष्ट, कानाशी. रेघेचा वरचा तुकडा बोल्टबरोबर फिरत पार आरशाबाहेर गेला. पाव फेरा. अर्धा फेरा. तिच्या मनगटाच्या शिरा वर आल्या, आणि मग तिचा हात एकदम थांबला.

"आता वाजला," पुतणी म्हणाली.

धाकट्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

तिने पाना उचलला आणि दोन्ही हातांनी उरापाशी धरला. धाकटे आरसा बाजूला घ्यायचं विसरले होते. म्हणून त्यांना ते दिसलं. आरशात पलीकडून एक अंगठा आला. नख चेमटलेलं, मधोमध खाच. त्याने कुंचला तिरका धरला होता. ठिपका दिला, कडेला ओढला आणि बाजूला झाला. ह्या सगळ्याला एका श्वासाइतका वेळ लागला असेल. आरशात आता नुसता बोल्ट होता आणि त्याच्याशेजारी ओला लाल ठिपका.

टक टक.

"दार वाजलं का?" पुतणी म्हणाली आणि दाराकडे बघायला लागली. दारात कुणी नव्हतं.

धाकटे खाली जमिनीवर बसले. मग त्यांनी तिला सांगितलं. वरून आलेली हाक, बाटली, आठवा ठिपका, थोरल्यांचं ते हसणं. काही गाळलं नाही. सांगताना ते इंजिनकडे बघत होते. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

पुतणी पाना धरून उभी होती. तो तिने इतका घट्ट धरला होता की धाकट्यांच्या मनात एक क्षण भलतंच आलं, आणि त्याचीही त्यांना तक्रार नव्हती.

"आईला तुम्ही सांगायचं," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी नाही सांगणार. आज सांगायचं."

"सांगतो."

"आणि ह्यापुढे तुम्ही पान्याला हात लावायचा नाही."

"नाही लावत."

ती दाराकडे निघाली आणि अर्ध्यात थांबली. तपासनीसच ती. धाकट्यांच्या जे ध्यानात आलं नव्हतं ते तिच्या आलं.

"काका, बाबा गेल्यावर तुम्ही एकट्याने किती इंजिनं बांधली?"

९

एकेचाळीस. ती सगळी वहीत होती. एका इंजिनला एक पान, वर मालकाचं नाव आणि फोन, खाली मापं, शेवटी एक चौकट : तपासलं. चौकट थोरल्यांनी आखून घेतलेली, छापखान्यातून. अकरा वर्षं ती रिकामी सोडली होती, हे धाकट्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी वही उघडली. पहिल्या पानावर चौकटीत लाल ठिपका होता, कडेला ओढलेला.

दुसऱ्या पानावर होता. तिसऱ्यावर. पानं एकमेकांना किंचित चिकटली होती, सोडवताना नेलपॉलिशचा वास येत होता. पुतणी खांद्यावरून बघत होती. तिला हे ठिपके कुणाचे वाटत होते कोण जाणे, तिने विचारलं नाही. तीही मनातल्या मनात मोजत होती. दहा. वीस. प्रत्येक ठिपक्याला धाकट्यांचा जीव थोडा खाली बसत होता. चांगलं बांधलं होतं त्यांनी, बहुतेक सगळं चांगलंच बांधलं होतं. तिशी ओलांडली. पस्तीस.

अडतिसाव्या पानावर चौकट कोरी होती.

ते इंजिन दातांच्या डॉक्टरांचं. मोठा देखणा माणूस, हिरवी गाडी, दोन लहान मुली. रविवारी सकाळी मुलींना घेऊन लांब फिरायला जायचं एवढ्यासाठी त्यांनी ती घेतली होती. उताराला गाडी काय पळते हो, असं महिन्यापूर्वीच ते फोनवर सांगत होते. धाकट्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेदहा.

ते उठले आणि भिंतीवरच्या जुन्या फोनवर नंबर फिरवला. आवाज त्यांनी कामाचा ठेवला. घंटी गेली. दोनदा, तीनदा. मग टक् झालं, पलीकडे उचलला.

"डॉक्टर, मी धाकटे. गाडी कुठे आहे? हे बघा, जिथे असाल तिथे कडेला घ्या. इंजिन बंद करा. मुलींना खाली उतरवा. का ते नंतर सांगतो, आधी बंद करा." ते थांबले, ऐकलं, मान हलवली. "हो. हो, बरं. उपकार झाले." त्यांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकवलं. "घेतली कडेला," ते पुतणीला म्हणाले. "वेळेवर सापडले."

पुतणीने त्यांच्या हातातून रिसीव्हर घेतला आणि कानाला लावला. ती ऐकत राहिली.

"काका," ती म्हणाली, "कुणी उचललेलाच नाहीये. अजून घंटीच जातेय."

धाकट्यांनी तिच्याकडे बघितलं. डॉक्टरांचा आवाज त्यांच्या कानात अजून होता.

तिने फोन ठेवला आणि वही स्वतःकडे ओढली. "मी लावते. तुम्ही नंबर वाचा. एकेक आकडा."

त्यांनी पहिला आकडा वाचला. तिने तो वहीत बघून घेतला, मग फिरवला.